सोबतिणींचा हिवाळा

माघ सरत आला की वऱ्हाडातली हवा दुतोंडी होते. पहाटे घोंगडी पुरत नाही आणि दुपारी ओसरीवर बसवत नाही. कापूस वेचून झालेला असतो, काळ्या रानात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या असतात, खळ्यावरून ज्वारीचं भूस उडत येऊन डोळ्यांत जातं, आणि बांधावरचा पळस लाल व्हायला लागतो. लोकांना हे दिवस आवडतात, कारण घरात नवी ज्वारी येते. मला मात्र या हवेत अजूनही धूप आणि ओल्या कडुनिंबाचा वास येतो. माझ्या तरुणपणी हे देवीच्या रोगाचे दिवस होते. ज्या घरात देवी यायची त्या घराच्या दाराला कडुनिंबाची डहाळी बांधायचे, फोडणी बंद करायचे, आणि कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. सकाळी गल्लीतून जाताना आपण दारं पाहत जायचो. कुठल्या दाराला पाला आहे, कुठल्या नाही.

आमच्याही दाराला एका साली पाला लागला होता. माझं लग्न होऊन देऊळगाव राजाला सासर झालं होतं आणि मी माघाच्या सणाला माहेरी आले होते. देवी आली ती माझ्या अंगावर. मी वाचले, चेहरा वाचला नाही. सासरहून न्यायला कोणी आलं नाही, त्यांनी दुसरी केली. तेव्हापासून मी भावाच्या मळ्यात वांगी खुडत, मेथीच्या जुड्या बांधत राहिले. आम्ही माळी. भाजीला रोज हात लागतो, आणि हात कामात असला की आरशाची आठवण येत नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे साहेब नागपुरात बसत. पैनगंगेच्या काठच्या आमच्या गावापर्यंत सरकार पोचायचं ते सारा मागायला, किंवा देवी टोचायला. टोचणारे लतीफसाहेब हिवाळ्यात तट्टावर बसून यायचे, कारण ऊन चढलं की काचेच्या नळीतली लस खराब होते. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. त्यांच्यापुढे पोलीस पाटील चालायचा. तो दिसला की बायका पोरं घेऊन पळायच्या. कोणी लेकरू कडब्याच्या गंजीत लपवलं, कोणी कापसाच्या ढिगात. पाटील हात घालून ओढून काढायचा, डॉक्टर फिरकीची सुई दंडावर टेकवून फिरवायचे, लेकरू किंचाळायचं, आणि दोघं पुढच्या घरी जायचे. नंतर दंड सुजायचा, ताप चढायचा. बघायला कोणी परत येत नसे. मग बाया म्हणायच्या की चांगलं लेकरू होतं, सरकारनं आजारी पाडलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी पाहिलं तेवढंच त्या सांगत होत्या.

लतीफसाहेब उंच, वाकलेले, बोलायला मऊ. ओढाताणीला तेच कंटाळले होते. एकदा आमच्या मळ्यात पाणी प्यायला थांबले आणि माझा चेहरा पाहून थोडे चाचरले. मग म्हणाले, तालुक्याच्या बोर्डापुढे त्यांनी अर्ज ठेवला होता. पाटलाच्या जबरदस्तीवर खर्च करण्यापेक्षा गावातल्याच बाईला बोर्डानं पगार द्यावा. तिनं आधी घरोघर जावं, बसावं, बोलावं, आणि मग डॉक्टरांनी यावं. नागपूरचे साहेब तपासणीला येणार म्हणून बोर्डानं एका हिवाळ्यापुरतं मंजूर केलं होतं. बाईला काय म्हणायचं हे कुणाला सुचत नव्हतं, म्हणून कागदावर ‘सोबतीण’ असं लिहिलं. मी चौथी शिकले होते आणि माझं तोंडच माझा दाखला होता. मी हो म्हटलं.

पहिले काही दिवस माझ्यासमोर दारं लागत गेली. आमच्या आळीत बायांनी ऐकून तरी घेतलं. मांगवाड्यात आणि पलीकडच्या वडारवस्तीत मी दिसले की अंगण रिकामं व्हायचं. तिथे सगळे एकच सांगत, गिरजाबाईला विचारा. गिरजाबाई मांगवाड्यातली देवीची भगतीण. ज्या घरी देवी यायची तिथे तिला बोलवायचे. ती अंगणात बसून गाणी म्हणायची, पाला फिरवायची, आणि देवी उतरली की तिला साडीचोळी मिळायची. टोचणी रुजली तर तिचं काम बुडणार, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं. ती मोडता घालणार हे धरूनच मी तिच्याकडे गेले.

ती दोरी वळत बसली होती. केस पांढरे, कपाळावर मळवट, बोटं घोरपडीच्या कातड्यासारखी. मी टोचणीचे फायदे सांगायला लागले. तिनं सगळं ऐकलं आणि मग दोरीवरची नजर न उचलता विचारलं, “तुमच्या विहिरीवर मले घागर टेकवू देत नाई. अन् माह्या लेकराच्या दंडाले हात लावाले घरापर्यंत येता. काऊन?”

मी उठून आले. वाटेत मला राग आला, आधी तिचा, मग विहिरीचा. ज्या विहिरीचं पाणी मी रोज भरत होते तिच्याकडे मी त्या दिवसापर्यंत नीट पाहिलंच नव्हतं. तापाच्या साथीत मांगवाडा अर्धा झाला तेव्हा तिकडे औषधाची बाटली गेली नव्हती. रस्ता नाही, शाळा नाही, पाणी नाही, आणि एकदम सुई. मी त्यांच्या जागी असते तर मीही पोर कडब्यात लपवलं असतं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. त्यानंतरही जात राहिले. टोचणीबद्दल बोलले नाही. एका दुपारी ऊन फार होतं, मी तिच्या घागरीतलं पाणी मागितलं. ती थांबली. म्हणाली, घरी कळलं तर तुझं ताट वेगळं होईल. मी म्हटलं, होऊ दे. ते झालंही. भावजयीनं त्या संध्याकाळपासून माझं जेवण पडवीत आणून ठेवायला सुरुवात केली आणि भाऊ खाली मान घालून जेवत राहिला. मी पडवीतच जेवले. तिथून चांदण्या दिसायच्या आणि वांग्याच्या भाजीची चव काही बदलली नव्हती.

पाणी प्यायल्यावर गिरजाबाईनं मला एक सांगितलं. मला देवी आली तेव्हा माझ्या आईनं तिलाच बोलावलं होतं. दाराबाहेर बसून तिनं रात्रंदिवस गाणं म्हटलं होतं. मला वाटायचं ते मी तापात ऐकलेलं स्वप्न होतं. मी तिला विचारलं, देवी खरंच ऐकते का?

“ते मले ठाऊक नाई,” ती म्हणाली. “ज्या मायचं लेकरू तडफडते तिले ऐकू येते. म्हणून म्हनतो मी.” मग दोरीला पीळ घालून म्हणाली, “लय लेकरं पोचवली बाई मी. गानं म्हनता म्हनता मसनात पोचवली. देवीचा मान मी मरेपर्यंत ठेवीन. पन लेकरं मागायची तिची सवय मोडाले पाह्यजे.”

तिनं अटी घातल्या. पाटील येणार नाही. लेकरू आईच्याच मांडीवर राहील, दुसरं कोणी धरणार नाही. दंड सुजेल, ताप येईल, हे आधी सांगायचं, लपवायचं नाही. आणि खपली धरेपर्यंत डॉक्टरनं पुन्हा येऊन पाहायचं. लतीफसाहेबांनी सगळं मान्य केलं. लस गाईची का, या प्रश्नावर त्यांनी म्हशीच्या वगारीची असं सांगितलं, तेव्हा एक म्हातारी हसून म्हणाली की मग पोरगं काळंच निघेल. ते हसणं मला मोलाचं वाटलं. त्या वस्तीत सरकारी माणसासमोर कोणी हसलेलं मी पाहिलं नव्हतं. गिरजाबाईनं सगळ्यांसमोर आपला नातू पुढे केला. काही घरांनी तिला त्यानंतर देवीच्या गाण्याला बोलावणं बंद केलं. तिनं ते सोसलं.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी किती वाटा तुडवल्या. पायांखाली ढेकळं, हातात भाकरीचं फडकं, नाल्याच्या काठी बसून मिरची-भाकर. ती एखाद्या गावच्या बाईजवळ बसायची, सासूनं छळलं ते ऐकायची, दुखणारी पाठ चोळून द्यायची. टोचणीचा विषय निघायचा उठता उठता. मला आधी वाटायचं वेळ वाया जातोय. पुढे कळलं की तीच मशागत होती. आम्ही माळी लोक वाफा भुसभुशीत केल्याशिवाय बी टाकत नाही, आणि माणसांच्या बाबतीत मात्र आम्हाला घाई.

परवा आरोग्य केंद्राची नर्स माझ्याकडे येऊन बसली होती. गोड पोरगी आहे, सायकलवर फिरते. वीटभट्टीवरच्या बाया लेकरांना डोस देऊ देत नाहीत, फार अडाणी आहेत हो आजी, म्हणाली. मी विचारलं, भट्टीवर पाण्याचा नळ आहे का? तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तिथली एखादी बाई बरोबर घे. ती म्हणाली, त्याला पैसा नाही, वरून सांगतात की बायांनी समाजसेवा म्हणून यावं. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. हेच वाक्य मी ऐकलं होतं, शब्दाला शब्द, एका ओट्याखाली उभी राहून. इतका काळ गेला, साहेब बदलले, झेंडा बदलला, देवीचा रोग मेला, आणि हे वाक्य जिवंत.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर बोर्डानं मला बोलावलं होतं. चेअरमन मोठे जमीनदार, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. काम चांगलं झालं, असं ते म्हणाले. साहेबांनी शेरा उत्तम दिला होता. पहिल्या साली गिरजाबाई बिनपगारी फिरली होती, म्हणून डॉक्टरांनी यंदा दोघींचा पगार मागितला होता; मंजूर झाला तो एकाच बाईला, म्हणजे मला. मांगाची भगतीण बोर्डाच्या पैशावर ठेवली तर लोक काय म्हणतील? शिवाय ती अंधश्रद्धेवर जगणारी. तिला यायचंच असेल तर धर्माचं काम म्हणून यावं, सेवा म्हणून.

मी म्हटलं, “डॉक्टरसाहेबाले पगार, बोर्डाच्या मेंबराले भत्ता, अन् गिरजाबाईले पुण्य. असं काऊन, रावसाहेब?”

ते हसले. त्यांच्या शेजारचे दोघं हसले नाहीत. मी म्हटलं, मग माझंही नाव काढा. त्यांनी काढलं.

घरी येताना मला वाटलं होतं की गिरजाबाई मला वेडी म्हणेल. तिनं चुलीवरचं कालवण ढवळलं आणि मला वाढलं.

मग पुन्हा जुनंच सुरू झालं. लतीफसाहेब मान खाली घालून पाटलामागे फिरले आणि त्यांना वस्त्या रिकाम्या मिळाल्या. लोक आधीच नाल्यापलीकडे गेलेले असायचे. नळ्यांतली लस तशीच परत जाई. आणि त्याच सुमारास सीमेपलीकडच्या मोगलाईतून, जालन्याकडच्या कापसाच्या जिनांत सरकी उचलायला गेलेली माणसं परतली. त्यांच्याबरोबर देवी आली. पहिला पाला लागला तो वडारवस्तीत.

कोंडाबाई वडारीण खाणीवर दगड फोडायची. तिची मुलगी सुंदरी, नुकती चालायला लागलेली. मागच्या हिवाळ्यात सुंदरी फार लहान होती म्हणून गिरजाबाईनंच सांगितलं होतं, पुढच्या साली टोचू. कोंडाबाई त्या सालाची वाट पाहत होती. भेटेल त्याला विचारायची, गिरजामाय कधी येऊन राह्यली? पाटलाला पाहून ती पळाली नव्हती, पण त्याच्या हाती लेकरूही तिनं दिलं नव्हतं. गिरजाबाई आल्याशिवाय नाही, म्हणाली होती. सुंदरी गेली. आम्ही पोचलो तेव्हा कोंडाबाई रडत नव्हती. तिनं गिरजाबाईला एवढंच म्हटलं, “माय, तू आली नाई.”

गिरजाबाईनं त्या दिवशी गाणं म्हटलं नाही. परत येताना ती माझ्यापुढे चालत होती, भराभर, म्हातारं माणूस चालत नाही तशी. नाल्याशी थांबून म्हणाली की लेकरांना टोचून घ्यायचं, आता लगेच. पण चोरासारखं नाही. बोर्डाच्या दारात.

बाजाराच्या दिवशी आमच्या गावातून तालुक्याला गाड्या निघाल्या. मांगवाड्याकडे बैल नव्हते. मी गाडी कुणाकडे मागावी या विचारात असताना भावानं आमच्या भाजीच्या गाडीला बैल जुंपले, वर कडबा पसरला आणि मांगवाड्याच्या तोंडाशी नेऊन उभी केली. माझ्याशी बोलला नाही. भावजय दारात होती, तिनंही अडवलं नाही. त्या गाडीत मांगवाड्यातल्या बाया बसल्या, मागून वडारवस्तीतल्या पायी आल्या, वाटेतल्या गावांतल्या मिळाल्या. ऊन कोवळं होतं, हरभऱ्याच्या आंबूस वासानं रस्ता भरला होता. लेकरांना वाटलं जत्रेला चाललोय.

बोर्डाच्या कचेरीपुढे मोठं आवार, आणि आवाराच्या भिंतीपलीकडे रावसाहेबांचा चिरेबंदी वाडा. आम्ही आवारात बसलो. बाजारातली माणसं गोळा झाली. लतीफसाहेबांना निरोप गेला होता. ते पेटी घेऊन आले आणि गिरजाबाईच्या शेजारी जमिनीवर बसले. रावसाहेब ओट्यावर आले. हा काय तमाशा, त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले. सुंदरीचं नाव सांगितलं, तिच्या आईचं नाव सांगितलं, ती कोणाची वाट पाहत होती ते सांगितलं. बोर्डाचा पैसा आमच्या साऱ्यातून येतो, दगड फोडणाऱ्यांच्या घामातून येतो, म्हटलं. पाटलाच्या जबरदस्तीला पैसा निघतो, सोबतीच्या माणसाला निघत नाही? रावसाहेब म्हणाले की या अडाणी बायांना टोचणीचं महत्त्व कळत नाही हा बोर्डाचा दोष नव्हे. सुशिक्षित घरांत काही अडचण येते का?

आणि इथे माझ्या जिभेवर ते आलं. मला माहीत होतं की रावसाहेबांच्या वाड्यातला नातू टोचलेला नव्हता. डॉक्टर यायचे कळलं की त्याला आजोळी धाडत. घरच्या मोठ्या बाईंनी गिरजाबाईला मागच्या दारानं बोलावून देवीची ओटी भरली होती, नवस केला होता. मी तोंड उघडलं. गिरजाबाईनं बसल्या जागेवरून माझ्या लुगड्याचा काठ ओढला. मी वाकले.

“ते नोको सांगू,” ती हळू म्हणाली. “घरातली गोष्ट घरात राहू दे. लोक आपल्यापाशी बोलतात ते ह्याच्याचसाठी.”

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड काम दुसरं केलं नाही. सुंदरी डोळ्यांपुढे होती, हत्यार हातात होतं, आणि ती म्हातारी, जिला त्या ओट्याची पायरी चढायची बंदी होती, ती त्या घराची लाज राखत होती.

लतीफसाहेबांनी फिरकी काढली. पहिली पुढे आली ती मांगवाड्यातली एक बाळंतीण. मग एकेक येत गेली. आया पोरांना मांडीवर घेऊन बसत, गिरजाबाई पोराच्या कानाशी तेच देवीचं गाणं गुणगुणे, आणि पोर रडायच्या आत काम झालेलं असे. बाजारातल्या बाया पाहत होत्या. टोपल्या खाली ठेवून दोघी-तिघी आपली पोरं आणायला घरी गेल्या.

तेवढ्यात वाड्याचं बाजूचं दार उघडलं. रावसाहेबांची धाकटी सून बाहेर आली. डोक्यावर पदर, कडेवर गोरा गुबगुबीत नातू. रावसाहेबांनी तिला नावानं हाक मारली. ती थांबली नाही. थेट येऊन बसली, फिरकीची सुई पाहिली आणि मान फिरवली. तिनं ते पोर गिरजाबाईच्या मांडीवर ठेवलं.

“तुम्हीच धरा,” ती म्हणाली. “माझ्यानं नाही होणार.”

गिरजाबाईनं धरलं. रावसाहेब ओट्यावर उभे होते. त्यांना खाली उतरता आलं असतं. ते उतरले नाहीत, आणि आतही गेले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या खाली भीती होती, साधी, आजोबाची. ती आमच्या वस्तीतल्या कडब्याच्या गंजीत मी कितीदा पाहिली होती.

बोर्डाच्या पुढच्या बैठकीत दोन सोबतिणींचा पगार मंजूर झाला. रावसाहेबांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. मेंबरांनी दाबलं, नागपूरचं भय होतं, आणि बाजारानं सगळं पाहिलं होतं. मला कारणाशी देणंघेणं नव्हतं. त्या साली आमच्या बाजूच्या गावांत देवी पसरली नाही. वडारवस्तीत आणखी एक पोर आजारी पडलं, ते वाचलं. कोंडाबाई पुढे आमच्याबरोबर फिरायला लागली. मुकी, पण बरोबर.

पगाराच्या पहिल्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. वाटप ओट्यावरून व्हायचं. कारकुनानं माझे पैसे माझ्या हातावर ठेवले. गिरजाबाई पायरीखाली उभी होती. तिचं नाव पुकारून त्यानं मूठ वर धरली. तिनं पदर पसरावा, तो वरून टाकणार, अशी रीत होती. गिरजाबाईनं पदर पसरला नाही. तिनं उजवा तळहात पुढे केला, उघडा, आणि तशीच उभी राहिली. कारकुनानं पदर धर म्हणून सांगितलं. ती हलली नाही. मागे रांग होती, कोतवाल होते, झाडूवाले होते, सगळे पाहू लागले. मी तिच्या बाजूला खाली येऊन उभी राहिले. कोंडाबाई येऊन उभी राहिली.

ऊन सरकत होतं. कारकून एकदा आत पाहायचा, एकदा रांगेकडे. शेवटी तो एक पायरी उतरला, मग दुसरी, आणि त्यानं ते पैसे तिच्या तळहातावर ठेवले. बोटाला बोट लागलं.

गिरजाबाईनं मूठ मिटली. “हाव,” ती म्हणाली, आणि आम्ही वडारवस्तीकडे निघालो. खपल्या पाहायच्या राहिल्या होत्या.